जे-१ व्हिसाचा ‘दोन वर्षांचा नियम’: वेव्हर मागण्याआधी आणि मागताना

जे-१ म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांवर येणाऱ्या संशोधक, डॉक्टर वगैरेंना अमेरिका देते तो व्हिसा. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या त्याच्या स्टिकरवर बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ असते. ‘बेअरर इज सब्जेक्ट टू सेक्शन २१२-ई, टू इयर रूल डझ अप्लाय’ अशी, किंवा नेमकी उलटी, ‘डझ नॉट अप्लाय’. जाण्याच्या गडबडीत ती कुणी धड वाचत नाही. तीन-चार वर्षांनी प्राध्यापक म्हणतात, ‘आता तुला एच-१बीवर’, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ‘घेऊ’, तेव्हा ती पहिल्यांदा नीट वाचली जाते. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून कळते की आधी दोन वर्षे भारतात राहून यावे लागेल, नाहीतर वेव्हर, म्हणजे या बंधनातून सूट, आणा. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, मुलांची शाळा, घराचे भाडेकरार सगळे त्या एका ओळीवर अडकते आणि माणूस घाबरून वकील शोधायला लागतो.

माझे कळकळीचे सांगणे असे की वकील आणि अर्ज नंतर. ती ओळ आज तुम्हाला खरोखर लागू आहे का, हे आधी तपासा. ९ डिसेंबर २०२४ पासून असंख्य भारतीय संशोधकांसाठी या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक गरज नसलेल्या कामात महिने घालवतात.

आधी नियम समजून घेऊ. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१२-ई नुसार काही ठराविक जे-१ धारकांना आपला कार्यक्रम संपल्यावर मायदेशी एकूण दोन वर्षे प्रत्यक्ष राहावे लागते. ते पूर्ण होईपर्यंत एच किंवा एल हे कामाचे व्हिसा मिळत नाहीत, अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरले असेल तर लागणारा के व्हिसा मिळत नाही आणि ग्रीन कार्डही मिळत नाही. शिवाय अमेरिकेत बसून स्टेटस बदलण्याचा रस्ताही, एक-दोन अपवाद सोडले तर, बंद होतो. यामागचा विचार सरळ आहे. हा व्हिसा देवाणघेवाणीसाठी आहे, तेव्हा इथे शिकलात ते घेऊन परत जा आणि आपल्या देशाला त्याचा उपयोग करून द्या. हे बंधन १९५६ च्या कायद्याने आले, जे-१ व्हिसा आजच्या रूपात १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने आला, आणि १९७० च्या दुरुस्तीने नियम बराच मोकळा केला. त्याआधी तो जवळपास सरसकट होता.

आज तो तीनच कारणांनी लागतो. तुमच्या कार्यक्रमाला अमेरिकन सरकारने किंवा भारत सरकारने पैसे दिले असतील तर. तुमचा विषय तुमच्या देशासाठीच्या ‘स्किल्स लिस्ट’मध्ये असेल तर. किंवा तुम्ही डॉक्टर असून रेसिडेन्सी वा फेलोशिप, म्हणजे रुग्णांवर उपचार करत शिकण्याचे प्रशिक्षण, घेण्यासाठी आला असाल तर.

यातली स्किल्स लिस्ट ही भारतीयांची मोठी डोकेदुखी होती. कोणत्या देशाला कोणत्या विषयातली माणसे हवी आहेत याची ती यादी. भारताच्या नावापुढे इतके विषय होते की पुण्या-मुंबईहून गेलेला रसायनशास्त्राचा, जीवशास्त्राचा किंवा इंजिनिअरिंगचा बहुतेक प्रत्येक पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक, त्यात सापडायचा. ९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नवी यादी जाहीर केली आणि भारत त्यातून पूर्ण बाहेर पडला. चीन आणि आणखी बरेच देशही निघाले. याहून महत्त्वाचे म्हणजे हा बदल मागल्या तारखेनेही लागू आहे. २०१५ मध्ये आलेल्या, २०१९ मध्ये आलेल्या माणसावर केवळ स्किल्स लिस्टमुळे बंधन पडले असेल, तर तेही आता उरलेले नाही.

पण पासपोर्टवरचा स्टिकर जुनाच आहे. त्यावर ‘डझ अप्लाय’ लिहिलेलेच राहणार, कारण तो छापला गेला तेव्हा ते बरोबर होते. एरवीसुद्धा तो शेरा म्हणजे व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याचे प्राथमिक मत असते, अंतिम निकाल नसतो. तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो: बंधन नसताना ‘आहे’ लिहिलेले असते आणि असताना ‘नाही’ लिहिलेले असते. म्हणून सगळ्यांनी आपले डीएस-२०१९ फॉर्म, म्हणजे जे-१ कार्यक्रमाचा तपशील असलेले कागद, काढून बघावेत. एक नव्हे, आजवर मिळालेले सगळे. पाचव्या रकान्यात पैसे कुठून आले ते लिहिलेले असते. अमेरिकन सरकारी संस्था किंवा ‘एक्स्चेंज व्हिजिटर्स गव्हर्नमेंट’ म्हणजे आपले सरकार, यांच्यापुढे रक्कम दिसली तर थांबा, मामला पैशांचा आहे. एका फॉर्मवर, एका वर्षापुरती जरी अशी रक्कम असली तरी बंधन लागते, आणि पुढचे फॉर्म कितीही स्वच्छ असले तरी ते पुसले जात नाही.

पैशांच्या बाबतीत एक गैरसमज फार आढळतो. प्रयोगशाळेला एनआयएच किंवा एनएसएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थांचे अनुदान आहे आणि त्यातून माझा पगार होतो, म्हणजे मला अमेरिकन सरकारने पैसे दिले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. नियमात ‘आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण वाढवण्यासाठी दिलेला पैसा’ असा रोख आहे. प्राध्यापकाला कर्करोगावर संशोधन करण्यासाठी मिळालेल्या अनुदानातून तुमचा पगार निघत असेल, तर तो सहसा यात बसत नाही. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप मात्र स्पष्टपणे बसते. भारत सरकारच्या परदेशी पोस्टडॉक फेलोशिपवर गेलेल्यांनीही आपण या कक्षेत आहोत असेच धरून चालावे.

एवढे पाहूनही खात्री होत नसेल तर परराष्ट्र खात्याच्या वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनकडे ‘अ‍ॅडव्हायजरी ओपिनियन’ मागता येते. सगळ्या डीएस-२०१९ च्या प्रती आणि आपली परिस्थिती सांगणारे पत्र पाठवायचे. ते नियम लागू आहे की नाही हे लेखी कळवतात. शुल्क नाही. पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी हाच कागद दाखवता येतो. ज्यांचा स्टिकर ‘आहे’ म्हणतो पण पैसे सरकारी नाहीत आणि जे रेसिडेन्सीतले डॉक्टरही नाहीत, अशा भारतीयांनी वेव्हरमागे धावण्यापेक्षा हे पत्र आणून ठेवलेले केव्हाही बरे.

काय अडते, काय अडत नाही

बंधन खरोखर असले तरी सगळी दारे बंद नसतात, आणि हे कुणी नीट सांगत नाही. ओ-१ व्हिसा, म्हणजे आपल्या क्षेत्रात असाधारण कामगिरी असलेल्यांचा, या यादीत नाही. तो अमेरिकेत बसून स्टेटस बदलून घेता येत नाही, पण बाहेर जाऊन, कॉन्सुलेटमध्ये मुलाखत देऊन घेता येतो. विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसाही तसाच. दोन वर्षांचे बंधन त्याने मिटत नाही, नुसते पुढे ढकलले जाते, पण काम चालू राहते.

ग्रीन कार्डच्या बाबतीत त्याहून उपयोगाची गोष्ट आहे. आय-१४० हा नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्याचा अर्ज, मग तो नॅशनल इंटरेस्ट वेव्हरचा (देशहिताचे काम म्हणून ईबी-२ गटात मिळणाऱ्या सवलतीचा) असो की ईबी-१ या अव्वल गटातला, बंधन असतानाही भरता येतो आणि मंजूरही होतो. अडते ते पुढचे पाऊल, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्ड. भारतीयांची ईबी-२ ची रांग वर्षानुवर्षांची आहे, त्यामुळे आय-१४० लवकर भरून आपली तारीख रांगेत लावून ठेवण्यात शहाणपण आहे. वेव्हरचे काम त्या काळात आरामात उरकता येते. नॅशनल इंटरेस्ट वेव्हरच्या नावातही वेव्हर आहे म्हणून ते मिळाले की हेही सुटले असे काहींना वाटते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

अमेरिकन नागरिकाशी लग्न केल्यानेही हे बंधन आपोआप जात नाही. दोन वर्षे कॅनडात किंवा जर्मनीत काढली तरी ती मोजली जात नाहीत. भारतातच राहावे लागते. सलग नव्हे, एकूण दोन वर्षे, त्यामुळे पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि भारतातल्या मुक्कामाचे पुरावे जपून ठेवावेत. जे-२ वर, म्हणजे जे-१ धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असलेल्या जोडीदारालाही हेच बंधन लागते आणि त्याला किंवा तिला स्वतंत्र अर्ज करता येत नाही. मूळ जे-१ धारकाचा वेव्हर झाला की त्यांचाही होतो. घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू किंवा मुलाने २१ वर्षे ओलांडणे, अशा परिस्थितीत तेवढा वेगळा विचार होऊ शकतो.

आणखी एक गोंधळ. ‘रिसर्च स्कॉलर’ आणि ‘प्रोफेसर’ गटातल्या जे-१ धारकांना कार्यक्रम संपल्यावर २४ महिने पुन्हा त्याच गटात येता येत नाही. याचीही मुदत दोन वर्षांचीच, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. हा २४ महिन्यांचा नियम एच-१बीला आडवा येत नाही, तो काळ जगात कुठेही घालवता येतो, आणि त्यातून वेव्हर नावाची सूट नाही. युनिव्हर्सिटीतून ‘तुला टू-इयर बार आहे’ असे कळले तर आधी विचारा, यातला कोणता?

संशोधकांचा रस्ता: नोरी

बंधन लागू आहे असे नक्की ठरले की वेव्हर मागण्याचे पाच मार्ग आहेत. मायदेशाची हरकत नसल्याचे पत्र. अमेरिकन सरकारच्या एखाद्या खात्याची मागणी. परत गेल्यास वंश, धर्म किंवा राजकीय मतामुळे छळ होईल ही भीती. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा मुलाला होणारा असाधारण त्रास. आणि डॉक्टरांसाठीचा कॉनराड कार्यक्रम. डॉक्टर नसलेल्या बहुतेक भारतीयांना पहिलाच मार्ग घ्यावा लागतो.

सुरुवात डीएस-३०३५ या ऑनलाइन अर्जापासून करायची. तो भरला की बारकोडचे पान छापून निघते आणि केस नंबर मिळतो. १२० डॉलर शुल्क, सगळ्या डीएस-२०१९ च्या प्रती, पासपोर्टची माहितीची पाने आणि ‘मला वेव्हर का हवा’ हे सांगणारे निवेदन त्यासोबत जाते. हा केस नंबर भारतातल्या आणि अमेरिकेतल्या प्रत्येक कागदावर लिहावा लागतो, म्हणून तो आधी घ्यायचा. निवेदन खरे आणि सरळ लिहा. मी काय काम करतो, पुढे काय करायचे आहे, भारत सोडून इथे राहण्याचे कारण काय, एवढे एक-दीड पानात आले की पुरे. नेटवरून उचललेली देशभक्तीपर वाक्ये त्यात घालू नका.

मग भारताची बाजू. इथे जो कागद लागतो त्याला सगळे ‘नोरी’ म्हणतात: या व्यक्तीवर भारतात परतण्याचे बंधन नाही, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे प्रमाणपत्र. त्यासाठी मूळ राज्याच्या सरकारचे ना हरकत पत्र लागते, पासपोर्ट कार्यालयाचे लागते, आणि या सगळ्यानंतर भारतीय दूतावास आपले पत्र थेट वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनला पाठवतो. ते पत्र तुमच्या हातात देऊन तुम्ही पोस्टात टाकायचे, असे चालत नाही. दूतावासाकडून परस्पर गेलेलेच ग्राह्य धरतात. अर्ज आता पोर्टलवर होतो, तरी राज्य पातळीवर पाठपुरावा करायला घरचे कुणीतरी लागतेच. वडील निवृत्त असतील तर हे काम बहुतेक त्यांच्याकडेच येते. त्यांना नुसते ‘बाबा, जरा चौकशी करा ना’ म्हणून पाठवू नका. अधिकारपत्र, केस नंबर, पासपोर्टची प्रत, प्रत्येक अर्जाचा क्रमांक आणि तारीख एका फाइलमध्ये लावून द्या. नाव सगळीकडे अगदी सारखे असू द्या. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये येते. डीएस-२०१९ वर ते कधी असते, कधी नसते, लग्नानंतर आडनाव बदललेले असते. नावातल्या एवढ्याशा फरकापायी अर्ज परत येऊ शकतो, आणि सहीशिक्क्याचे प्रतिज्ञापत्र करून तो पुन्हा पाठवण्यात बराच काळ जातो.

पत्र पोचले की परराष्ट्र खाते विचार करते आणि शिफारस करायची की नाही ते ठरवते. अनुकूल शिफारस यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन विभागाकडे परस्पर जाते, वेगळा अर्ज करावा लागत नाही, आणि शेवटी मंजुरीची नोटीस घरी येते. केवळ ना हरकत पत्र आले म्हणून वेव्हर मिळालाच असे मात्र धरू नये. अमेरिकन सरकारच्या पैशावर आलेल्यांना, विशेषतः फुलब्राइटवाल्यांना, या मार्गाने सहसा नकार येतो. त्यांनी फेलोशिप स्वीकारतानाच परत येण्याचा हिशेब मनात धरावा असे मला प्रामाणिकपणे वाटते. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन गेलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अमेरिकेचा वेव्हर मिळाला म्हणून भारतात सही केलेला बॉन्ड सुटत नाही. तो हिशेब वेगळा मिटवावा लागतो.

डॉक्टरांचे गणित वेगळे

जे.जे., केईएम किंवा बी.जे. मेडिकलमधून एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला गेलेल्यांना स्किल्स लिस्टमधल्या बदलाचा काहीही फायदा नाही. त्यांचे बंधन प्रशिक्षणामुळे येते. १० जानेवारी १९७७ नंतर अशा प्रशिक्षणासाठी जे-१ घेतलेल्या डॉक्टरांना ना हरकत पत्राचा मार्ग अमेरिकन कायद्यानेच बंद आहे. जाताना भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून जे ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ घेतलेले असते त्याचा अर्थच ‘आम्हाला या डॉक्टरची गरज आहे’ असा असतो. रुग्णांना हात न लावता केवळ संशोधनासाठी आलेल्या डॉक्टरला हे वैद्यकीय कलम लागत नाही. पण त्याच्यावर सरकारी पैशांमुळे बंधन आले असेल, तर नोरीची अडचण उभी राहते, कारण आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०११ मध्ये डॉक्टरांना नोरी न देण्याचे धोरण घेतले.

मग रेसिडेन्सीवाल्यांना उरते काय? मुख्यतः कॉनराड ३०. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. ग्रामीण अमेरिकेला डॉक्टर मिळत नव्हते, आणि तयार डॉक्टर दोन वर्षांसाठी परत पाठवले जात होते. या दोन गोष्टींची सांगड त्यांनी घातली. सुरुवातीला प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ पासून ३० आहेत. सौदा असा: डॉक्टरांची टंचाई म्हणून जाहीर झालेल्या भागात तीन वर्षे, आठवड्याला ४० तास, पूर्णवेळ काम करायचे, त्या बदल्यात दोन वर्षांचे बंधन माफ. तीसपैकी दहापर्यंत जागा राज्याला अशा दवाखान्यांसाठी वापरता येतात जे स्वतः टंचाईच्या भागात नाहीत, पण तिथल्या रुग्णांना सेवा देतात. स्पेशालिस्ट मंडळींचे लक्ष बहुधा या दहावर असते.

क्रम असा चालतो. आधी नोकरी आणि करार. मग तो करार घेऊन राज्याच्या आरोग्य खात्याकडे अर्ज, तिथून परराष्ट्र खाते, तिथून यूएससीआयएस. मंजुरी मिळाली की ९० दिवसांत कामावर हजर व्हायचे, एच-१बीवर. एच-१बीच्या जागांना मर्यादा असल्याने त्या लॉटरीने वाटल्या जातात, पण या डॉक्टरांना तिच्यात जावे लागत नाही, हा मोठा दिलासा. तीन वर्षे पुरी होईपर्यंत ग्रीन कार्ड हातात येत नाही. मध्येच नोकरी सोडली आणि त्याला मान्य होण्यासारखे कारण नसले, तर दोन वर्षांचे बंधन पुन्हा मानेवर बसते.

अमेरिकेचे सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि अनेक राज्ये त्याच सुमारास अर्ज घेऊ लागतात. मागणी असलेल्या राज्यांतल्या जागा भराभर संपतात, तर काही राज्यांत वर्षअखेरीला शिल्लक राहतात. म्हणून जून २०२७ मध्ये रेसिडेन्सी संपणार असेल, तर २०२६ च्या उन्हाळ्यात करार हातात असायला हवा. शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत शोध सुरू करणे म्हणजे उशीर. या कामाला मात्र वकील कराच, आणि तो तुमचा स्वतःचा असावा. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलच्या बाजूचा असतो. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दंड किती, नंतर जवळपास प्रॅक्टिस करायला मनाई आहे का, रात्रीच्या ड्युट्या ४० तासांत धरल्या आहेत की वरच्या, हे सही करण्याआधी त्याच्याकडून वाचून घ्या. दूरच्या गावात, एकच डॉक्टर असलेल्या दवाखान्यात तीन वर्षे काढायची असतात. तिथे अन्याय झाला तर नोकरी बदलणे सोपे नसते.

जागा संपल्या असतील तर अ‍ॅपलाचियन रीजनल कमिशन, डेल्टा रीजनल ऑथॉरिटी (दोन्ही मागास भागांच्या विकासासाठीच्या सरकारी संस्था), अमेरिकेचे केंद्रीय आरोग्य खाते किंवा माजी सैनिकांची रुग्णालये यांच्यामार्फतही वेव्हर होतो. त्यांना राज्याच्या तीस जागांची मर्यादा नाही, पण भाग आणि अटी त्यांच्या त्यांच्या आहेत.

असाधारण त्रासाचा मार्ग डॉक्टर आणि संशोधक दोघांनाही खुला आहे, फक्त तो अवघड आहे. त्यात आय-६१२ अर्ज यूएससीआयएसकडे करावा लागतो आणि दोन्ही बाजू सिद्ध कराव्या लागतात: जोडीदार किंवा मूल तुमच्यासोबत भारतात आले तर त्यांचे काय हाल होतील, आणि ते अमेरिकेतच राहून तुम्ही एकटे गेलात तर काय होतील. नुसती ताटातूट पुरेशी धरत नाहीत, कारण ती तर प्रत्येकाच्याच वाट्याला येते. मुलाचा असा आजार, ज्याचे उपचार अमेरिकेत चालू आहेत आणि तुटले तर नुकसान होईल, त्याची डॉक्टरांची पत्रे. जोडीदाराच्या आई-वडिलांची जबाबदारी. मुलाच्या विशेष शाळेचे कागद, अशा ठोस गोष्टींवर ही केस उभी राहते. त्रास तुमचा स्वतःचा मोजला जात नाही, त्यांचा मोजला जातो.

शेवटी वेळेची गोष्ट, कारण इथेच अनेकांचे बसलेले गणित बिघडते. परराष्ट्र खात्याची अनुकूल शिफारस झाली की त्यानंतर जे-१ची मुदत वाढवून मिळत नाही. डीएस-२०१९ मार्चमध्ये संपत असेल, एच-१बी ऑक्टोबरमध्ये मिळणार असेल आणि शिफारस जानेवारीत आली, तर मधले महिने हवेत लटकतात. म्हणून वेव्हरचा अर्ज टाकण्याआधी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला विचारून, जेवढी मिळू शकते तेवढी मुदतवाढ आधी घेऊन ठेवा. युनिव्हर्सिटीच्या एच-१बीला लॉटरीची मर्यादा नसल्याने तिथे तारखा जुळवणे सोपे जाते. खासगी कंपनीत जायचे असेल तर उलटीकडून, म्हणजे लॉटरीतला एच-१बी सुरू होतो त्या १ ऑक्टोबरपासून मागे मोजत या. शिफारसीनंतर वेव्हर होईपर्यंत बाहेरचा प्रवास करायचा असेल तर तिकीट काढण्याआधी त्याच ऑफिसात विचारा, कारण परत येताना जे-१च्या नव्या स्टिकरची गरज पडली तर पंचाईत होते. मंजुरीच्या नोटिशीच्या दोन-तीन प्रती काढून एक भारतात घरी ठेवायला द्या; पुढच्या प्रत्येक अर्जात ती मागतात, ग्रीन कार्डच्या मुलाखतीपर्यंत.